फक्त कुऱ्हाड्यांचे फोटो सापडेनात: विंडोज, मॅक आणि लिनक्समध्ये अडकलेल्या नावांचं प्रकरण

पार्श्वभूमी

एका शिक्षण संस्थेच्या जिल्हाभर शाळा आहेत. दरवर्षी शाळा सुरू झाल्यावर विद्यार्थ्यांची ओळखपत्रं छापली जातात आणि तेच फोटो पुढे वर्षभर प्रगतिपुस्तकापासून बस पासपर्यंत वापरले जातात. संस्थेचं, शाळांचं आणि माणसांचं नाव इथे दिलेलं नाही. मी बाहेरून तांत्रिक मदत करत होतो. सॉफ्टवेअर संस्थेच्याच छोट्या टीमचं होतं.

कामाची पद्धत वर्षानुवर्षं ठरलेली होती. शाळेचं ऑफिस विंडोजवर एक्सेलमध्ये विद्यार्थ्यांची यादी करायचं. फोटो काढणाऱ्या स्टुडिओकडे मॅक होता. यादीतलं पूर्ण नाव कॉपी करून ते फोटोच्या फाइलला देत, म्हणजे ‘कुऱ्हाडे सार्थक संतोष’ या मुलाच्या फोटोची फाइलही त्याच नावाची. फोटो संस्थेच्या मुख्य कार्यालयातल्या विंडोज सर्व्हरच्या शेअर्ड फोल्डरमध्ये जात. सॉफ्टवेअर यादीतलं नाव घेई, त्या नावाची फाइल उघडी आणि ओळखपत्रावर फोटो बसवी.

मग सर्व्हर बदलला. जुनं मशीन थकलं होतं, म्हणून संस्थेनं भाड्यानं लिनक्स सर्व्हर घेतला. शेअर्ड फोल्डर गेला आणि स्टुडिओ आरसिंक या फाइली पाठवण्याच्या साधनानं थेट नव्या सर्व्हरवर फोटो पाठवू लागला. सॉफ्टवेअरमध्ये फोल्डरचा पत्ता सोडला तर काहीच बदललं नव्हतं.

अडचण

ओळखपत्रांची पहिली खेप छापून आली तेव्हा काही कार्डांवर फोटोच्या जागी करडा चौकोन होता. टीमनं सर्व्हरवर पाहिलं तर त्या मुलांच्या फाइली जागेवर होत्या. नावात चूक नव्हती. स्टुडिओला विचारलं, त्यांचं उत्तर एकच: ‘आमच्याकडे तर उघडतोय फोटो.’ आणि तेही खरं होतं.

काही शाळांनी वाट न पाहता ब्राउझरमधून फोटो पुन्हा अपलोड केले. त्यांची कार्डं नीट छापली, पण फोल्डरमध्ये एक विचित्र दृश्य तयार झालं. एकाच फोल्डरमध्ये, एकाखाली एक, अक्षरशः एकाच नावाच्या दोन फाइली. ज्याने कोणी हे पाहिलं त्याला आधी वाटलं की स्क्रीनच दोनदा दाखवते आहे.

सुरुवातीचे तर्क

पहिला तर्क फॉन्टचा. आपल्याकडे संगणकावर मराठीचं काहीही बिघडलं की ‘फॉन्टचा प्रॉब्लेम’ म्हणायची सवय आहे आणि तिला कारणही आहे. कित्येक वर्षं मराठी मजकूर म्हणजे एका विशिष्ट फॉन्टमध्येच वाचता येणारा मजकूर होता, फॉन्ट बदलला की सगळा कचरा. पण इथे सगळं यूनिकोडमध्ये होतं, म्हणजे प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरलेला क्रमांक देणाऱ्या पद्धतीत. फाइल शोधताना फॉन्टचा संबंधच येत नाही, फॉन्ट येतो तो दाखवताना. सर्व्हरवर देवनागरी फॉन्ट टाकून पाहिले. उपयोग शून्य.

दुसरा तर्क जास्त वजनदार होता. सर्व्हरवर लोकेल, म्हणजे भाषा आणि लिपीची सेटिंग, यूटीएफ-८चं (यूनिकोड अक्षरं बाइटांत लिहिण्याच्या पद्धतीचं) नव्हतं, त्यामुळे कमांड लाइनवर फाइलींची यादी मागवली की मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येत. लोकेल बदललं आणि नावं स्वच्छ मराठीत दिसू लागली. टीमला वाटलं, सुटला प्रश्न. पण फोटो तसेच गायब. हा टप्पा मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत धोक्याचा वाटतो. प्रश्नचिन्हं दिसत होती तोवर निदान काहीतरी बिघडलंय हे कळत होतं. नावं नीट दिसू लागल्यावर ‘एन्कोडिंग तपासलं, ठीक आहे’ असा शेरा पडला आणि चौकशी परवानग्या, कॅशे, नेटवर्क अशा भलत्या दिशांना गेली.

तिसरी एक गोष्ट मध्ये येऊन गोंधळ वाढवत होती. एका शाळेनं यादी एक्सेलमधून साध्या सीएसव्हीत, म्हणजे स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या मजकूर फाइलीत, सेव्ह केली होती. त्या मशीनच्या विंडोजची जुनी कोडपेज (अक्षरांचा मर्यादित तक्ता) पश्चिम युरोपीय होती, तिच्यात देवनागरीला जागाच नाही, त्यामुळे प्रत्येक अक्षराचं खरोखरचं प्रश्नचिन्ह होऊन फाइलीत बसलं. ही माहिती परत मिळत नाही, मूळ एक्सेलवरून पुन्हा यादी काढावी लागते. लोकेलमुळे दिसणारं प्रश्नचिन्ह आणि फाइलीत कायमचं लिहिलं गेलेलं प्रश्नचिन्ह डोळ्यांना सारखंच दिसतं. पहिल्यात मजकूर शाबूत असतो, दुसऱ्यात तो गेलेला असतो. दोन्ही तक्रारी एकाच वहीत ‘नावं बिघडली’ म्हणून नोंदल्या गेल्या होत्या. त्या वेगळ्या केल्यावरच खरं चित्र दिसू लागलं.

धागा सापडला तो एका शाळेच्या लिपिक बाईंमुळे. त्यांनी हजेरीपटावर पेन्सिलीनं खुणा करून ठेवल्या होत्या. फोनवर म्हणाल्या, ‘सर, आमच्याकडं बघा, पाटील आले, जाधव आले, शेख आले. नुसते कुऱ्हाड्यांचे आणि गोऱ्ह्यांचेच फोटो येईनात.’ इतर शाळांच्या याद्या त्या नजरेनं पाहिल्या. बोऱ्हाडे, वऱ्हाडे, कऱ्हाडकर. प्रत्येक नावात ऱ.

बाइट पाहिल्यावर

मग दोन सारख्या दिसणाऱ्या फाइलींची नावं बाइट-बाइट छापून पाहिली. एकाच मुलाच्या फोटोची ही दोन नावं, फरक फक्त आडनावात. ब्राउझरमधून आलेल्या फाइलीत ‘कुऱ्हाडे’ २४ बाइटांचं होतं. स्टुडिओकडून आलेल्यात २७ बाइटांचं. यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, म्हणजे स्टुडिओच्या नावात एक चिन्ह जास्त होतं. पहिल्या नावात ऱसाठी ई०, ए४, बी१ असे तीन बाइट होते, म्हणजे यू+०९३१ हा कोडपॉइंट (यूनिकोडमधला अक्षराचा क्रमांक). दुसऱ्यात त्या जागी आधी ई०, ए४, बी० म्हणजे साधा र, यू+०९३०, आणि लगेच ई०, ए४, बीसी म्हणजे नुक्ता (अक्षराखालचं टिंब), यू+०९३सी.

यूनिकोडच्या नियमाप्रमाणे हे दोन्ही एकच आहेत. ऱ हे एक अखंड अक्षर म्हणूनही लिहिता येतं आणि र अधिक नुक्ता असं सुटं करूनही. अखंड रूपाला एनएफसी म्हणतात, सुट्या रूपाला एनएफडी. रोजच्या मराठी नावांत ही भानगड असलेलं अक्षर जवळजवळ एकटं ऱ आहे. ळ सुटा होत नाही, ज्ञ आणि क्ष तर मुळातच जोडाक्षरं म्हणून लिहिली जातात. म्हणूनच पाटील-जाधवांना काही झालं नाही.

पण र आणि नुक्ता सुटे केले कुणी? मॅकनं, किंवा नेमकं सांगायचं तर स्टुडिओनं मॅकला बाहेरून जोडलेल्या हार्ड डिस्कनं. ती एचएफएस प्लस या जुन्या मॅक पद्धतीनं फॉरमॅट केलेली होती. १९९८ साली आलेली ही फाइल सिस्टीम, म्हणजे डिस्कवर फाइली साठवण्याची व्यवस्था, प्रत्येक नाव सुटं करूनच साठवते, तुम्ही अखंड ऱ टाइप केला तरी. २०१७ पासून मॅकवर एपीएफएस आली, ती दिलेलं रूप तसंच ठेवते आणि शोधताना दोन्ही एक मानते. विंडोजची एनटीएफएस नावं यूटीएफ-१६मध्ये जशीच्या तशी ठेवते. लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम नावाकडे नुसती बाइटांची रांग म्हणून पाहते, एक बाइट वेगळा तर फाइल वेगळी. यातली कुठलीच व्यवस्था आपल्या जागी चुकीची नाही. चूक त्यांच्या सीमेवर होते.

मग जुन्या विंडोज सर्व्हरवर इतकी वर्षं कसं चाललं? कारण शेअर्ड फोल्डरवर नाव पाठवताना मॅक ते अखंड रूपात बदलून पाठवतो. तो अनुवाद कुणी मागितला नव्हता, कुणाला माहीत नव्हता आणि सॉफ्टवेअर त्याच्या जोरावर उभं होतं. आरसिंक डिस्कवरचे बाइट उचलून तसेच पुढे टाकतो. सर्व्हर बदलण्यापेक्षा वाट बदलणं इथे जास्त महागात पडलं.

डेटाबेसनंही चौकशीची दिशाभूल केली. तिथे दोन्ही नावं टाकून ‘ही सारखी आहेत का’ विचारलं तर उत्तर यायचं ‘हो’. या डेटाबेसला लावलेलं कोलेशन, म्हणजे अक्षरांची तुलना करण्याचा नियम, नुक्त्यासारख्या चिन्हांकडे दुर्लक्ष करणारं होतं. डेटाबेस म्हणतो एकच, डिस्क म्हणते वेगळे, आणि मध्ये सॉफ्टवेअर.

आणखी एक रूप

इथवर आल्यावर टीमला वाटलं की सगळं एनएफसी करून टाकू, झालं. पण याद्या तपासल्यावर काही शाळांच्या याद्यांत ‘कुऱ्हाडे’ तिसऱ्याच पद्धतीनं निघालं: साधा र, मग हलन्त, मग यू+२००डी हे न दिसणारं जोडणी-चिन्ह, मग ह. हेही २७ बाइटांचंच, पण वेगळे २७. यूनिकोडच्या जुन्या आवृत्तीशी जुळवून घेण्यासाठी हे रूपही पडद्यावर तोच अर्धा र दाखवतं. मात्र यूनिकोड त्याला ऱच्या बरोबरीचं मानत नाही, त्यामुळे एनएफसी त्याला हातही लावत नाही.

एकानं सुचवलं, न दिसणारी चिन्हं सरसकट काढून टाकू. हे करू दिलं नाही याचं मला समाधान आहे. ते चिन्ह काढलं की र आणि हलन्त उरतात, त्यांचा रफार होतो आणि ‘कुर्हाडे’ असं अशुद्ध आडनाव मुलाच्या ओळखपत्रावर जातं. याच कात्रीत ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होतं. ज्या चिन्हावर मराठीत उच्चार आणि अर्थ ठरतो त्याला कचरा समजून झाडता येत नाही.

पर्याय

स्टुडिओनं डिस्क बदलावी, हा पहिला पर्याय. त्या डिस्कवर त्यांचं जुनं कामही होतं आणि उद्या दुसरा स्टुडिओ आला तर पुन्हा तोच प्रश्न. शिवाय आपल्या सॉफ्टवेअरचा ठिसूळपणा दुसऱ्याच्या माथी मारणं बरोबर नव्हतं.

आरसिंकमध्येच नावांचं रूपांतर करणारा आयकॉन्व्हचा पर्याय आहे आणि त्यात मॅकचं सुटं रूप खास ओळखलं जातं. पण तो आरसिंकच्या ३.० पासूनचा. ॲपलनं मॅकसोबत वर्षानुवर्षं २.६.९ हीच आवृत्ती दिली आणि स्टुडिओच्या मशीनवर तीच होती. नवी टाकून देता आली असती, पण मग सगळी मदार स्टुडिओतल्या एका कमांडवर राहिली असती.

सर्व्हरवरच्या फाइलींची नावं एकदाच कॉन्व्हमूव्ह या साधनानं दुरुस्त करणं हा तिसरा. जमलेला गुंता सोडवायला उत्तम, पण पुढच्या खेपेला गुंता पुन्हा होणारच.

चौथा, सर्व्हरच्या दारातच प्रत्येक नाव एनएफसी करून घेणं. पाचवा, फाइलीला मुलाचं नाव द्यायचंच नाही. शाळेचा ११ अंकी यू-डायस क्रमांक (प्रत्येक शाळेचा सरकारी क्रमांक) आणि जनरल रजिस्टर नंबर मिळून विद्यार्थी नेमका ओळखता येतो आणि अंक कुठल्याही मशीनवर अंकच राहतात. एकाच वर्गात एकाच नावाची दोन मुलं असतात तो जुना प्रश्नही यातून सुटतो. लिनक्सवर फाइलीच्या नावाला २५५ बाइटांची मर्यादा असते, म्हणजे देवनागरीत ८५ चिन्हं, तिचीही चिंता उरत नाही.

पाचवाच सर्वांत भक्कम होता, यावर वाद नव्हता. वाद वेळेचा होता. फोटोग्राफर समोरच्या मुलाला नाव विचारून पडताळतो. नुसता नंबर असेल तर एका मुलाचा फोटो दुसऱ्याच्या नंबरावर जाण्याची भीती होती, आणि करड्या चौकोनापेक्षा चुकीचा फोटो कितीतरी वाईट.

काय केलं

आधी झालेली हानी वाढू नये म्हणून सर्व्हरचा बॅकअप मॅकच्या डिस्कवर घेणं थांबवलं. हा निर्णय तातडीचा होता. ज्या फोल्डरमध्ये सारख्या दिसणाऱ्या दोन फाइली होत्या तो मॅककडे नेला असता तर तिथे दोन्ही नावं एकच ठरली असती आणि एक फोटो दुसऱ्यावर लिहिला गेला असता.

मग कॉन्व्हमूव्ह चालवलं. हे साधन स्पष्ट सांगितल्याशिवाय काहीच बदलत नाही, फक्त काय बदलेल ते दाखवतं, त्यामुळे संपूर्ण यादी आधी वाचता आली. जिथे दोन फाइली एकमेकींवर आपटणार होत्या तिथे फोटो माणसानं उघडून पाहिले आणि कोणता ठेवायचा ते शाळेला विचारून ठरवलं. हे काम यंत्रावर सोडलं नाही.

त्यानंतर दारातला नियम आला. सर्व्हरवर येणारं प्रत्येक नाव, मग ते यादीतलं असो की फाइलीचं, एनएफसी होऊनच आत जाऊ लागलं. तिसऱ्या रूपासाठी वेगळा निर्णय घेतला. विद्यार्थ्याचं नाव शाळेनं जसं पाठवलं तसंच साठवायचं, आणि त्याशेजारी फक्त जुळवणीसाठी एक वेगळी चावी तयार करायची. या चावीत ‘र, हलन्त, जोडणी-चिन्ह’ ही एकच रांग ऱ आणि हलन्तात बदलते, बाकी कशालाही धक्का नाही. नाव हे त्या मुलाचं आणि त्याच्या घरच्यांचं आहे, त्याची डागडुजी करण्याचा अधिकार एका प्रोग्रामला देऊ नये असं माझं मत होतं आणि टीमनं ते उचलून धरलं.

एनएफसीची एक गोष्ट टीमला आधी विचित्र वाटली. उर्दू वळणानं नुक्ता देऊन लिहिलेल्या ‘ज़’ किंवा ‘फ़’ असलेल्या नावांत एनएफसी अखंड अक्षर सुटं करतं, जोडत नाही. ऱच्या नेमकं उलट. यूनिकोडनं त्या अक्षरांना जोडण्याच्या नियमातून वगळलेलं आहे. पडद्यावर फरक दिसत नाही आणि सगळीकडे एकच नियम लागत असल्यानं जुळवणीही बिघडत नाही. मात्र ‘एनएफसी म्हणजे सगळं अखंड’ असं गृहीत धरून बाइट मोजणारा एक जुना तपास कोडमध्ये होता, तो काढावा लागला.

सीएसव्हीसाठी शाळांना एक्सेलमधला ‘सीएसव्ही यूटीएफ-८’ हाच पर्याय वापरायला सांगितलं. त्यातून लगेच नवी तक्रार आली: यादीतला पहिला स्तंभ ओळखला जात नाही. एक्सेल त्या फाइलीच्या अगदी सुरुवातीला ईएफ, बीबी, बीएफ हे तीन बाइट घालतो, ते पहिल्या शीर्षकाला चिकटून ‘अ.क्र.’ हे शीर्षक अनोळखी ठरत होतं. वाचणाऱ्या प्रोग्रामला ती खूण सोडून द्यायला शिकवलं. उलट दिशेनं मात्र ती खूण मुद्दाम घालावी लागली. सर्व्हरनं काढलेली यादी तिच्याशिवाय एक्सेलमध्ये उघडली की प्रत्येक मराठी अक्षराच्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन ए आणि चलनाचं गोल चिन्ह अशा जोड्यांची रांग लागायची.

नंबरावर आधारित फाइलनाव पुढच्या वर्षासाठी ठरवलं. स्टुडिओला नाव आणि नंबर दोन्ही छापलेली चिठ्ठी द्यायची, मुलाने ती हातात धरायची, पडताळणी नावावरून आणि फाइल नंबरावरून.

निष्पत्ती

राहिलेली ओळखपत्रं फोटोसह छापली गेली. चिठ्ठीची पद्धत पुढच्या वर्षी लागू झाल्यावर नावाच्या जुळवणीचा प्रश्न फोटोंपुरता संपला. दारातला नियम आणि जुळवणीची चावी मात्र ठेवली, कारण दुसऱ्या शाळेतून येणाऱ्या मुलांची नावं अजून नावावरूनच शोधावी लागतात. जुन्या झिप फाइलींमधली नावं सुटीच आहेत. त्या उघडायची वेळ आली तर आधी रिकाम्या फोल्डरमध्ये उघडून नावं दुरुस्त करायची, असं लिहून ठेवलं आहे.

काय वेगळं करता आलं असतं

नव्या सर्व्हरची चाचणी घेतली होती, पण चाचणीतली नावं पाटील, शिंदे आणि देशमुख अशी होती. त्यांच्यात या प्रश्नाचा मागमूसही दिसणं शक्य नव्हतं. आता चाचणीच्या यादीत कुऱ्हाडे, गोऱ्हे आणि कऱ्हाडकर तिन्ही रूपांत असतात, सोबत नुक्त्याचं एखादं नाव आणि ८५ चिन्हांच्या जवळ जाणारं एक लांबलचक नाव. चाचणीच्या फाइलीही आता विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींवर स्वतंत्रपणे तयार केल्या जातात.

सर्व्हर हलवण्याआधी फाइल कुठून निघते, कुठल्या डिस्कवरून जाते आणि कोणत्या साधनानं पोहोचते एवढं कागदावर काढलं असतं, तर शेअर्ड फोल्डरचा तो न मागितलेला अनुवाद निदान संशयाच्या यादीत आला असता. स्टुडिओशी बोलणं छपाईनंतर सुरू झालं, ते आधी व्हायला हवं होतं.

तक्रारी नोंदवण्याची वहीही बदलली. ‘नाव बिघडलं’ या एका रकान्याऐवजी आता तीन प्रश्न विचारले जातात. प्रश्नचिन्हं दिसतात का? परकी अक्षरं दिसतात का? की नाव नीट दिसतं पण सापडत नाही? पहिल्यात मजकूर गेलेला असू शकतो, म्हणून मूळ फाइल जपून ठेवायला लगेच सांगायचं. दुसऱ्यात मजकूर बहुधा शाबूत असतो, वाचणारा चुकीच्या एन्कोडिंगनं वाचत असतो. तिसऱ्यात सरळ बाइट छापायचे. आणि चौथा रकाना त्या लिपिक बाईंच्या सांगण्यावरून घातला: ज्यांचं अडलं त्या सगळ्या मुलांची पूर्ण नावं, एकाखाली एक.